मायसेटोमा : ऊतक-परीक्षणाद्वारे बुरशीजन्य रोगनिदानाचा इतिहास

प्रस्तावना :
वरूड परिसरातील संत्रा व कपाशीच्या शेतीत राबणाऱ्या मजुराच्या पायात काटा मोडणे ही नित्याची बाब होय. अशाच क्षुल्लक जखमेवाटे मातीतील सूक्ष्मजीव शरीरात शिरून मायसेटोमा हा रोग उद्भवतो. पाय फारशा वेदनेविना सुजतो, त्यावर नाडीव्रण होतात, त्यांतून रंगीत कण बाहेर पडतात आणि कालांतराने हाडेही पोखरली जातात. या रोगाच्या शास्त्रीय निदानाचा पाया एकोणिसाव्या शतकात मुंबई येथे घातला गेला.

कार्टर यांचे कार्य :
मदुराई येथील दवाखान्यात जॉन गिल यांनी १८४२ मध्ये या रोगाची नोंद केली. त्यावरून ‘मदुरा पाद’ हे नाव रूढ झाले. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन करू लागले. रोगग्रस्त ऊतकातील काळे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी १८६० च्या सुमारास हा रोग बुरशीजन्य असल्याचे प्रतिपादन केले व त्यास ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. १८७४ मध्ये त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मतभेद व उकल :
कार्टर यांच्या नमुन्यावर वाढलेल्या तांबड्या बुरशीस बर्कले यांनी कार्टर यांचे नाव दिले. परंतु ती रोगाचे कारण नव्हती. १८७५ मध्ये लुईस व कनिंगहॅम यांनी बुरशीच्या सिद्धान्तावरच आक्षेप घेतला. फिकट रंगाच्या कणांत बुरशी स्पष्ट दिसत नव्हती, हे या वादाचे एक मूळ होते. १८९४ मध्ये बॉइस व मुंबईचे एन. एफ. सर्व्हेयर यांनी या रोगास एकाहून अधिक जीव कारणीभूत असल्याचे दाखविले. त्याच वर्षी व्हिन्सेंट यांनी फिकट कणांतील तंतुमय जीव वेगळा केला. आज त्याची गणना जिवाणूंत होते. १९१३ मध्ये पिनॉय यांनी बुरशीजन्य व अ‍ॅक्टिनोमायसीटजन्य असे दोन प्रकार निश्चित केले.

निदानाचे महत्त्व :
बायॉप्सीचा नमुना फॉर्मेलिनमध्ये राखून, मेणात बसवून त्याचे पातळ छेद घेतले जातात. चांदीच्या क्षारांवर आधारित रंजनाने बुरशीचे जाड तंतू काळे दिसतात, तर ग्रॅम रंजनाने एक मायक्रॉनच्या आसपास जाडीचे जिवाणूंचे तंतू ओळखता येतात. हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. जिवाणूजन्य प्रकार प्रतिजैविकांनी बहुधा बरा होतो. बुरशीजन्य प्रकारात दीर्घकाळ बुरशीनाशक औषधे व अनेकदा शस्त्रक्रिया लागते. निदान चुकल्यास वा लांबल्यास पाय गमावण्याची वेळ येते.

निष्कर्ष :
‘मायसेटोमा’ या नावातच बुरशी गृहीत धरली गेली व ते गृहीतक दुरुस्त होण्यास सुमारे अर्धशतक लागले. ऊतकात जीव दिसणे ही निदानाची पहिली पायरी होय. तो कोणता, हे ठरल्यावरच उपचाराची दिशा मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये या रोगाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. अनवाणी कष्टकऱ्याच्या या रोगाकडे तालुका पातळीवरही वेळीच लक्ष जावे, हाच या इतिहासाचा बोध होय.