नगराखालची जनावरे

महानगराच्या रस्त्यांखाली हिंस्र जनावरे नांदतात, ही समजूत खरी की खोटी हा प्रश्न चटकन निकालात निघतो. ती कोण सांगतो, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. कारण काळाच्या ओघात या दंतकथेचा निवेदकच बदलला आहे.

हेन्री मेह्यूने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ‘लंडन लेबर अँड द लंडन पुअर’ या ग्रंथात, गटारांत शिरून नाणी आणि धातूचे तुकडे वेचणाऱ्यांची एक कथा नोंदवली आहे. एक गाभण डुकरीण चुकून गटारात उतरली आणि तेथेच व्याली. घाणीवर पोसलेली तिची प्रजा हॅम्पस्टेडच्या गटारांत वाढत जाऊन क्रूर बनली. ती बाहेर का पडत नाही, याचेही उत्तर कथेत आहे: डुक्कर हट्टाने प्रवाहाविरुद्धच पोहते, म्हणून फिरून मूळ जागी येते. हॅम्पस्टेडच्या रहिवाशांनी मात्र जाळ्यांखालून त्यांची गुरगुर कधी ऐकली नाही, असे मेह्यू नमूद करतो. आमच्या मते याचे कारण सरळ आहे. ही कथा वर राहणाऱ्यांची नव्हतीच. विनापरवाना गटारात शिरणे निषिद्ध ठरल्यावर हे वेचे रात्री लपून उतरत. विषारी वायू, अवचित येणारा लोंढा, उंदरांचे हल्ले ही त्यांची नित्याची भये. डुक्कर हे त्या भयाचे दृश्य रूप होते.

न्यूयॉर्कची कथा एका बातमीपासून सुरू होते. फेब्रुवारी १९३५ मध्ये पूर्व १२३व्या रस्त्यावर बर्फ मॅनहोलमध्ये लोटणाऱ्या मुलांना आत सुमारे आठ फुटांची मगर दिसली. त्यांनी ती दोरीने ओढून काढली आणि तिने जबडा उघडताच फावड्यांनी मारली. ती एखाद्या बोटीवरून पडली असावी, असा तेव्हाचा तर्क होता. १९५९ साली रॉबर्ट डेलीच्या ‘द वर्ल्ड बिनीथ द सिटी’ या पुस्तकात गटार खात्यातील टेडी मे याची कहाणी आली: कामगारांच्या तक्रारी त्याने प्रथम हसण्यावारी नेल्या, मग स्वतः उतरून मगरी पाहिल्या. येथवर कथेत कामगाराचा आवाज आहे. थॉमस पिंचनच्या ‘व्ही.’ (१९६३) या कादंबरीत मात्र मुले हौसेने मगरीची पिल्ले विकत घेतात, कंटाळतात आणि शौचकूपात सोडून देतात. कथेचा आरंभ गटारातून न्हाणीघरात सरकला. आज सर्वतोमुखी आहे ती हीच आवृत्ती.

हा बदल किरकोळ नव्हे. खाली उतरणाऱ्याच्या भयाची जागा वर राहणाऱ्याच्या अपराधी जाणिवेने घेतली. आपण टाकून दिलेले नष्ट होत नाही, ते अंधारात वाढते, ही शंका नव्या कथेत आहे. पण त्या अंधारात रोज काम करणारा माणूस तिच्यातून जवळजवळ नाहीसा झाला.

वस्तुतः न्यूयॉर्कचा हिवाळा मगरीस सोसत नाही. २०२३च्या फेब्रुवारीत ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमधील तळ्यात कोणीतरी सोडलेली एक मगर सापडली. ती थंडीने गारठलेली आणि अत्यंत कृश होती, आणि तिच्या पोटात न्हाणीच्या टबाचे बूच होते. पुढे ती प्राणिसंग्रहालयात मेली. दंतकथेतील मगर नगराला गिळू पाहते. या मगरीच्या पोटात नगराचाच एक तुकडा निघाला. लोककथा जमवताना जनावराचे वर्णन आपण हौसेने टिपतो. ती सांगणारा कोठे उभा आहे, हेही त्याबरोबर टिपले पाहिजे.