जुन्या गाडीचे मागचे पाटे : काय बदलावं आणि काय कधीच कापू नये?

नागपूरहून सावनेरच्या दिशेने निघालं की कोराडी लागतं. जगदंबेचं मंदिर आणि औष्णिक वीज केंद्र यांमुळे हे गाव सगळ्यांना माहीत आहे. वीज केंद्राची राख वाहणारा एखादा टिपर मागून पाहिला, तर चाकाजवळ एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या दिसतात. गॅरेजच्या भाषेत हेच पाटे.

आता त्याच रस्त्याने देवीच्या दर्शनाला निघालेली जुनी ॲम्बॅसेडर डोळ्यांसमोर आणा. मागच्या सीटवर चार माणसं, डिक्कीत सामान आणि समोर गतिरोधक. गाडी मागून बसते, खालून घासते, आणि मालक ठरवतो की आता मागचं सस्पेन्शन बदलायचंच.

पण बदलायचं म्हणजे नेमकं काय? जास्त पाटे टाकायचे, की पाटे काढून स्प्रिंग बसवायच्या? निर्णय चुकला तर गाडी आरामदायी होण्याऐवजी धोकादायक होते. कधी कधी तिची कागदपत्रंही अडचणीत येतात.

टिपर, ॲम्बॅसेडर आणि मस्टँग यांच्यात काय सारखं आहे?

1964 साली अमेरिकेत पॉन्टिॲक जीटीओ आली. मध्यम आकाराच्या गाडीत मोठं व्ही-8 इंजिन बसवण्याची ती कल्पना गाजली आणि पुढे अशा गाड्यांना मसल कार म्हटलं जाऊ लागलं. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली, 1967 चं मॉडेल म्हणून शेव्हरोलेची कॅमारो आली. इंजिनं दमदार होती, पण मस्टँग आणि कॅमारोच्या मागच्या बाजूला साधा सरळ ॲक्सल आणि त्याखाली पाटेच होते.

आपल्याकडच्या गाड्याही याच घराण्यातल्या. ॲम्बॅसेडर ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवर बेतलेली. ती 2014 पर्यंत बंगालमधल्या उत्तरपाऱ्यात बनत होती. प्रीमियर पद्मिनी मूळची फियाट 1100. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या कंपनीत, मुंबईतल्या कुर्ल्यात ती तयार होत असे. इंजिनाची ताकद मसल कारच्या जवळपासही नाही, पण मागची रचना तीच. त्यामुळे मस्टँगवर केलेल्या प्रयोगांमधून ॲम्बॅसेडरच्या मालकालाही बरंच शिकता येतं.

पाटा एकटाच चार कामं करतो

पाटा फक्त वजन पेलतो, हा पहिला गैरसमज. तो एकाच वेळी चार कामं करतो. गाडीचं वजन पेलतो. ॲक्सल पुढे-मागे सरकू देत नाही. तो आडवा हलू देत नाही. आणि वेग घेताना किंवा ब्रेक मारताना ॲक्सलला बसणारा पीळही सोसतो.

शेवटचं काम सगळ्यात अवघड. इंजिनाची ताकद वाढली की ॲक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. ताण सुटला की परत सरळ होतो. हे झपाट्याने होत राहिलं की चाक रस्त्यावर उड्या मारू लागतं. पहिल्या वर्षीच्या कॅमारोला प्रत्येक बाजूला एकच पाटा होता, त्यामुळे ही तक्रार तिच्या बाबतीत जास्त झाली. 1968 मध्ये कंपनीने जास्त ताकदीच्या मॉडेलना अनेक पाटे दिले. शिवाय एक शॉकअप ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे, अशी मांडणी केली.

1965 च्या शेल्बी जीटी 350 या मस्टँगमध्ये वेगळा उपाय होता. पाटे तसेच ठेवून ॲक्सलला वरून दोन दांड्या जोडल्या आणि त्याचा पीळ रोखला. पाटे काढून टाकणं हा एकमेव मार्ग नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

‘एक पाटा वाढवा’ म्हणण्याआधी

गाडी मागून बसली की मिस्त्रीला सांगितलं जातं, एक पाटा वाढवून द्या. यामागचं गणित समजून घ्यायला हवं. सारख्या जाडीचे पाच पाटे असतील आणि सहावा टाकला, तर कडकपणा साधारण 20 टक्क्यांनी वाढतो. जाडीचा परिणाम मात्र घनाच्या प्रमाणात होतो. 6 मिलिमीटरच्या जागी 7 मिलिमीटरचे पाटे घातले, तर कडकपणा जवळपास 59 टक्क्यांनी वाढतो.

टिपरला हा कडकपणा लागतो, कारण तो भरलेला असतो. कारमध्ये बहुतेक वेळा एक-दोन माणसं असतात. अशा वेळी कडक पाटा दबतच नाही. खड्ड्यावर मागची चाकं रस्ता सोडतात आणि ओल्या वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाऊ शकते.

दुसरा गैरसमज शॉकअपबद्दल आहे. गाडी बसली म्हणून शॉकअप बदलून उपयोग नाही. साधा शॉकअप वजन पेलत नाही, तो पाट्यांचं हेलकावणं थांबवतो. गतिरोधकानंतर गाडी दोन-तीनदा डोलत असेल तर दोष शॉकअपचा. उभ्या जागी एका बाजूला कललेली असेल तर बहुधा पाट्याचा.

बदल कोणत्या क्रमाने करावा?

आधी मोजमाप. गाडी सपाट जागी रिकामी उभी करून मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी घ्यावं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरही दोन्हीकडे सारखं हवं. फरक असेल तर ॲक्सल सरकलेला असू शकतो. पाट्यांना बांधून ठेवणारा सेंटर बोल्ट तुटला की असं होतं.

मग गंज. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. पाट्याची टोकं जिथे जोडली जातात, तिथला पत्रा कुजला असेल तर नवे पाटे घालून काही साधत नाही. आधी तो पत्रा दुरुस्त करायला हवा.

त्यानंतर रबरी बुश, शॅकल, यू-बोल्ट आणि शॉकअप. यू-बोल्ट ताणलेले असतात, म्हणून जुने परत वापरू नयेत. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. चाकं जमिनीवर टेकवून, वजन आल्यावर आवळावेत. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. काम करताना गाडी भक्कम स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीच शिरू नये.

बसलेले पाटे मूळ मापाप्रमाणे पुन्हा वाकवून, पाणी देऊन घेता येतात किंवा त्याच मापाचे नवे घालता येतात. अनेक गाड्यांचा त्रास इथेच संपतो.

एवढं करूनही चाक उड्या मारत असेल, तरच पीळ रोखणाऱ्या दांड्यांचा विचार करावा. गाडीची उंची बदलली असेल तर प्रोपेलर शाफ्टचा कोन तपासावा. तो बिघडला की ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातो. ब्रेकचा रबरी पाइप चाक पूर्ण खाली लटकल्यावर ताणला जात नाही ना, हेही पाहावं.

पाटे काढून स्प्रिंग बसवल्या तर?

परदेशात मसल कारसाठी गोल स्प्रिंग आणि चार दांड्यांचे तयार संच मिळतात. चांगल्या संचाने पकड सुधारते, कारण पाट्याची चार कामं वेगवेगळ्या भागांत वाटली जातात. पण त्यासाठी बऱ्याचदा कापणं आणि वेल्डिंग करावं लागतं. वजन बॉडीच्या अशा जागी येतं, जी त्यासाठी बनलेलीच नाही. जुन्या पत्र्यावर केलेलं असं वेल्डिंग सुटलं, तर चालत्या गाडीचा ॲक्सल जागा सोडतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच मापाचे पाटे बदलणं ही दुरुस्ती असते. रचनाच बदलायची असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओकडून लेखी खात्री करून घ्यावी.

2021 च्या नियमांनी आणखी एक मुद्दा आला. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अशी गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको.

म्हणजे आज हौसेने कापलेला पत्रा उद्या ही नोंदणी घालवू शकतो. म्हणून जुन्या गाडीसाठी एक साधा नियम धरता येतो : जो बदल नटबोल्टने बसतो आणि नटबोल्ट काढून परत पहिल्यासारखा करता येतो, तोच करावा. आणि काढलेले जुने पाटे भंगारात देऊ नयेत. पुढे गाडी मूळ रूपात आणायची वेळ आली, तर तेच कामी येतात.