प्रमेयात हरवलेले कोसंबी

आमच्या नाकाडोंगरीत बासरी आणि ढोल एकदम वाजले, तरी कान दोन्ही वेगळे ओळखतो. १८०७ साली फ्रान्सच्या फूरिए यांनी गणितात हेच मांडले: गुंतागुंतीचा आलेख साध्या लहरींत सोडवायचा. पण रेडिओच्या खरखरीसारखा, दर वेळी बदलणारा आलेख? १९४३ साली, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, दामोदर कोसंबींनी वाट दाखवली: लहरी आधी ठरवायच्याच नाहीत, त्या चढउतारांतूनच शोधायच्या. मागाहून फिनलंडचे कारहुनेन आणि पॅरिसला शिकलेले लोएव स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले. प्रमेयाला नावे मात्र त्या दोघांचीच चिकटली. कोसंबींचा निबंध ऐन महायुद्धात, भारतीय नियतकालिकात छापलेला. पण आपले काय? आपल्याला तर कोसंबी म्हणजे फक्त इतिहासकार! संगणकाने चेहरे ओळखण्याची एक जुनी पद्धत याच प्रमेयावर उभी आहे. हल्ली काही लेखक त्याला कोसंबी-कारहुनेन-लोएव म्हणतात.