उंबरठ्याबाहेरचीं मुलें

श्रोतेहो, आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं मूल पांच-सहा वर्षांचें झालें, कीं त्याला कोणत्या शाळेंत घालावें, एवढाच प्रश्न उरतो. त्यानें शाळेंत जावें कीं न जावें, हा विचार कोणाच्या मनांतहि येत नाहीं. भूमिहीन मजुराच्या किंवा रानांत राहणाऱ्या वारल्याच्या घरीं मात्र तोच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या पहिला होता. तो सोडविण्यासाठीं आपल्या प्रांतांत कोणीं कसे प्रयत्न केले, तें आज थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे.

१८८२ सालीं हंटर आयोगापुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन सादर केलें. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, परंतु त्या पैशाचें शिक्षण मिळतें तें वरच्या वर्गांना, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. आणि निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, ही त्यांची मागणी होती. पुढें १८९३ सालीं सयाजीराव महाराजांनीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ सालीं तो साऱ्या बडोदें संस्थानास लागू केला. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं आणलेलें विधेयक पुढील वर्षीं फेटाळलें गेलें. तथापि १९१७ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. या थोर पुरुषांचे उपकार मोठे आहेत. परंतु शाळा उघडली आणि कायदा झाला, तरी कांहीं मुलें उंबरठ्याबाहेरच राहतात. तीं कां येत नाहींत, हें त्यांच्या घरीं जाऊन पाहणारीं माणसें निराळींच लागतात.

कर्मवीर भाऊराव पाटील हे असे एक गृहस्थ. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कराड तालुक्यांतील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. खेड्यांतील हुषार मुलाचें शिक्षण गांवच्या शाळेपाशींच थांबतें, कारण पुढील शाळा शहरांत आणि शहरांत त्याला जेवूं घालणारें कोणी नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून त्यांनीं वसतिगृहाच्या कामाला हात घातला. १९२४ सालीं साताऱ्यास निघालेल्या त्यांच्या वसतिगृहांत मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशीं सर्व मुलें एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि कामेंहि मिळूनच करीत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. मुलांच्या पोटासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने दिले, हें तर महाराष्ट्रांत सर्वश्रुतच आहे. खेड्यांत शिकविणारे शिक्षक खेड्यांतूनच तयार व्हावेत, म्हणून १९३५ सालीं त्यांनीं साताऱ्यास अध्यापन विद्यालयहि काढलें.

परंतु ज्या मुलाला घर सोडतांच येत नाहीं, त्याचें काय? तें उत्तर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं शोधिलें. १९४५ सालीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं त्यांनीं ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र उघडलें. पुढें १९५७ च्या सुमारास तें डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर नेलें. आदिवासी मुलें आपण होऊन येत नाहींत असें पाहतांच त्या स्वतः पाड्यांवर जाऊं लागल्या. झोपडीपुढील अंगणांतच त्यांनीं वर्ग भरविले; शिंपले, बिया, पानें हींच त्यांचीं साधनें झालीं. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं शिक्षक कुरणांत गेला, ती कुरणशाळा. आणि घरचें तान्हें सांभाळण्यासाठीं थोरल्या मुलीला अडकून पडावें लागतें, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा हीं तिन्ही एकाच आवारांत मांडलीं. 'अंगणवाडी' हा शब्द १९७५ सालच्या बालविकास योजनेनें देशभर पोंचविला. त्याचें मूळ त्या अंगणांत आहे.

हा सारा इतिहास मीं अध्यापन विद्यालयांत असतांना परीक्षेपुरता पाठ केला होता. नोकरीच्या आरंभीं एका कोरडवाहू गांवीं असतांना, नऊ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गांत येत असे. तें मूल रडे, वर्ग विसकटे. एके दिवशीं मीं तिला म्हणालों, "बाळाला घरीं ठेवून येत जा." दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाहीं. महिनाभर मीं तिच्या नांवापुढें गैरहजेरी मांडली आणि नंतर तिचें नांव पटावरून कमी केलें. नियमाप्रमाणें माझें कांहीं चुकलें नव्हतें. बऱ्याच वर्षांनीं निवडणुकीच्या कामावर त्याच गांवीं गेलों असतां ती मतदारांच्या रांगेंत दिसली. "गुरुजी, ओळखलंत का?" असें तिनें हंसून विचारलें, आणि सहीच्या जागीं अंगठा उठविला. तिच्या घरीं मीं एकदांहि गेलों नव्हतों.

२००९ सालीं संमत झालेल्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. तरीहि ऊसतोडणीचा हंगाम आला, कीं कित्येक मुलें आईबापांमागोमाग फडावर जातात. शाळा गांवांत राहते आणि मूल कोपींत. आपल्या शहरांतहि नव्या इमारतीच्या कामावर, खेड्यांतून आलेल्या मजुरांचीं मुलें वाळूच्या ढिगावर खेळतांना आपणांस दिसतात. श्रोतेहो, तेथून जातांना क्षणभर थांबून त्यांच्या आईबापांना मुलांचीं नांवें व वयें विचारावीं आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवावीं. एवढें काम आपणां कोणालाहि करतां येण्यासारखें आहे.