सायटोकाइन : संरक्षक दूतांना आवर घालणारी औषधे

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, ‘टोसिलिझुमॅब’ या इंजेक्शनसाठी नागपुरात रुग्णांच्या नातेवाइकांची धावाधाव झाली. वस्तुतः हे औषध विषाणू मारत नाही. आमवातासाठी आधीपासून वापरले जाणारे हे औषध ‘सायटोकाइन’ला आवर घालते.

रोगप्रतिकारक पेशी परस्परांना संदेश देण्यासाठी स्रवतात, त्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. संसर्ग होताच येणारा ताप व सूज ही त्यांचीच किमया. मात्र हे संदेश थांबले नाहीत, तर स्वतःच्याच सांध्यांना, आतड्यांना वा फुप्फुसांना इजा होते. टोसिलिझुमॅब ‘इंटरल्युकिन-६’चा संदेश पेशीपर्यंत पोहोचू देत नाही, ‘इन्फ्लिक्सिमॅब’ व ‘अडॅलिमुमॅब’ ही औषधे ‘टीएनएफ’ या सायटोकाइनला निष्प्रभ करतात.

ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत प्राणवायू घटलेल्या व दाह वाढलेल्या ४,११६ करोना रुग्णांचा समावेश होता. टोसिलिझुमॅबमुळे २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ३५ वरून ३१ टक्क्यांवर आले. लाभ खरा, पण मर्यादित, आणि तोही अशाच रुग्णांपुरता सिद्ध झालेला.

संदेश रोखला की संरक्षणही दुबळे होते. टीएनएफ रोखल्यास शरीरात सुप्त असलेला क्षयरोग उफाळू शकतो. त्यामुळे अशा उपचारांपूर्वी क्षयरोगाची तपासणी अत्यावश्यक ठरते.