२८ जुलै १९९८ : दिल्लीच्या बस सीएनजीवर
दिल्लीतील सर्व बस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने या दिवशी दिला. याचिका होती वकील एम. सी. मेहता यांची. डिझेलच्या धुरातले सूक्ष्म कण थेट फुप्फुसात उतरतात, हे ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ ही स्वयंसेवी संस्था आणि तिचे संस्थापक अनिल अग्रवाल सातत्याने मांडत होते. टाळाटाळ झाली, मुदत हुकली, गॅसपंपांवर रिक्षा-बसच्या लांबच लांब रांगा लागल्या. न्यायालय ठाम राहिले. एप्रिल २००२ मध्ये डिझेल बसला दिवसाला ५०० रुपये दंड लागला आणि वर्षअखेरीस दिल्लीच्या शहर बससेवेतून डिझेल हद्दपार झाले. अग्रवाल यांचे त्याच वर्षी जानेवारीत निधन झाले होते. स्वच्छ हवेसाठीची त्यांची चिकाटी आजही प्रत्येक शहराला हवी आहे.