कारवान श्वान : नाव, देहरचना आणि संगोपन

पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा व लगतच्या उत्तर कर्नाटकात आढळणाऱ्या कारवान कुत्र्याचा इतिहास बहुतांशी संस्थानाच्या अंगाने लिहिला गेला. मुधोळचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, तिची जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट दिली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद ‘कारवान हाउंड’ अशी करतो. २००५ च्या टपाल तिकिटावर मात्र मुधोळच आले. सशाच्या शिकारीसाठी पिढ्यान्‌पिढ्या ही जात राखणारे धनगर व शेतकरी या नामावलीत कोठेच नाहीत.

निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय, आखूड केस ही ठेवण माळरानावर नजरेने सावज हेरून धावण्याची आहे. बरगड्या किंचित दिसणे हे येथे उपासमारीचे लक्षण नव्हे. तसे समजून चारून लठ्ठ करणे ही संगोपनातील मोठी चूक होय. अंगावर चरबी अल्प असल्याने त्यास थंडी बाधते, कातडी काट्याने सहज फाटते. सतत साखळीला बांधल्यास ते बुजरे वा चिडखोर होते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ व १९९१ ची दुरुस्ती यांमुळे सशाची शिकार निषिद्ध ठरली. ते योग्यच झाले. तथापि कुत्र्याचे मूळ काम संपले, धावण्याची ओढ उरली. जोगेश्वरीसारख्या दाट उपनगरात पिलू आणण्यापूर्वी कुंपणाचे मैदान शोधणे म्हणूनच अगत्याचे. मांजर दिसताच सुटलेला कारवान हाकेला परतेलच असे नाही.